आपत्ती येण्याआधीचं काम : जोखीम कमी करण्याच्या क्षेत्रात करिअर कसं उभं करायचं

१३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री कोलंबियातल्या नेवादो देल रुईझ ज्वालामुखीचा उद्रेक झाला. ज्वालामुखींच्या मानाने तो फार मोठा नव्हता. पण शिखरावरचं बर्फ वितळलं, राख-दगड-पाण्याचा लोंढा दऱ्यांमधून खाली उतरला आणि साधारण अडीच तासांनी आर्मेरो शहरावर आदळला. सुमारे २३ हजार माणसं गेली. आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात येतं हे दाखवणारा नकाशा महिनाभर आधी, ऑक्टोबरमध्येच तयार झाला होता. शहर रिकामं करण्याचा निर्णय मात्र वेळेत लोकांपर्यंत पोचला नाही.

साडेपाच वर्षांनी, एप्रिल १९९१ मध्ये, फिलिपिन्समधला पिनातुबो जागा झाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी इशाऱ्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या, कोणत्या पायरीला काय समजायचं हे आधी सांगितलं आणि असे लोंढे, असे राखेचे ढग काय करतात हे दाखवणारा व्हिडिओ अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवला. १५ जूनचा महाउद्रेक होण्याआधी हजारो कुटुंबं हलवली गेली होती.

या करिअरचा गाभा मला या दोन घटनांमधल्या अंतरात दिसतो. धोक्याचा अभ्यास करणारे पुष्कळ आहेत, निर्णय घेणारेही आहेत. अभ्यासाला निर्णयाशी बांधणारी माणसं फार थोडी आहेत. तुम्हाला ते बांधणारं माणूस व्हायचं असेल तर पुढचं वाचा.

काम नेमकं काय असतं

बचावकार्य वेगळं. बोटी, दोर, हेल्मेट, ढिगाऱ्याखालून माणूस काढणं हे तितकंच मोलाचं काम आहे, पण त्याचा रस्ता निराळा. जोखीम कमी करण्याच्या कामात दिवस जातो नकाशे, बैठका, बांधकामाचे नियम, अंदाजपत्रकं, शाळांमधली रंगीत तालीम आणि सतत बदलणाऱ्या फोन नंबरांच्या याद्यांमध्ये. यश आलं तर काहीच घडत नाही आणि त्याचं श्रेय कोणी देत नाही. हे मनाला पटत असेल तरच या वाटेला या. परिणाम डोळ्यांसमोर दिसण्याची गरज असलेली माणसं इथे दोन-तीन वर्षांत कोमेजतात.

जोखीम तीन गोष्टींची मिळून बनते: धोका किती मोठा, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि त्यांची तग धरण्याची ताकद किती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेला भूकंप ६.२ च्या आसपासचा होता. त्या तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी अनेक होतात. तिथे जाड दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारोंचा जीव गेला. २७ फेब्रुवारी २०१० ला चिलीत ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून बाहेर पडलेली ऊर्जा किल्लारीच्या हजारो पट होती, तरी मृतांचा आकडा पाचशेच्या आसपास राहिला, कारण बांधकामाचे कडक नियम तिथे कित्येक वर्षं पाळले जात होते. धोका तुमच्या हातात नसतो. उरलेल्या दोन गोष्टी असतात आणि तुमची सगळी नोकरी त्या दोन गोष्टींभोवती फिरते.

एक दस्तऐवज मात्र वाचूनच ठेवा. मार्च २०१५ मध्ये जपानच्या सेंदाई शहरात संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत मान्य झालेला सेंदाई आराखडा, २०१५ ते २०३० साठीचा. त्यात चार प्राधान्यं आहेत: जोखीम समजून घेणं, तिचा कारभार बळकट करणं, ती कमी करण्यासाठी पैसा घालणं, आणि सज्जता वाढवून पुनर्बांधणी आधीपेक्षा चांगली करणं. जगभरच्या जाहिराती, प्रस्ताव आणि मुलाखती याच भाषेत बोलतात. शे-दीडशे पानांचे अहवाल नंतर वाचता येतील, हा आराखडा एका बैठकीत संपतो.

आत शिरायचे दरवाजे

धोक्याचं विश्लेषण हा पहिला दरवाजा. जलविज्ञान, भूगर्भशास्त्र, हवामानशास्त्र किंवा स्थापत्य शिकलेली माणसं इथे पूर, दरड, भूकंप, वादळ यांची गणितं मांडतात. दुसरा नगररचनेचा: कुठे बांधायचं, कुठे नाही, रस्ता किती रुंद ठेवायचा, नाल्याला किती जागा सोडायची. माझ्या मते सर्वात जास्त जीव वाचवणारी आणि सर्वात कमी कौतुक होणारी जागा हीच. तिसरा आपत्कालीन व्यवस्थापनाचा, म्हणजे आराखडे, नियंत्रण कक्ष, तालमी. चौथा पूर्वसूचनेचा, पाचवा विमा आणि पुनर्विम्याचा (म्हणजे विमा कंपन्यांच्या विम्याचा), जिथे संगणकावर हजारो काल्पनिक वादळं चालवून नुकसानीचा अंदाज काढतात. आकड्यांत रमणाऱ्यांना तिथे पगारही बरा मिळतो. याशिवाय रेड क्रॉससारख्या संस्था, संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणा, विकास बँका, सल्लागार कंपन्या, धरणं-बंदरं-रेल्वे चालवणारे उद्योग आणि सार्वजनिक आरोग्य विभाग आहेतच.

शिक्षणाबद्दल माझं मत ठाम आहे. पदवी एखाद्या भक्कम विषयात घ्या: भूगोल, स्थापत्य, भूगर्भशास्त्र, संख्याशास्त्र, नियोजन, समाजकार्य, परिचर्या, काहीही चालेल. ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा विषय पदव्युत्तर पातळीवर घ्या, शक्यतो एक-दोन वर्षं काम केल्यावर. थेट पदवीपासून तोच विषय घेतलेल्यांना सगळ्यातलं थोडं थोडं येतं, पण बैठकीत ‘हे मी करतो’ असं म्हणायला हातात काही नसतं. समाजशास्त्राकडून आलेल्यांनी बिचकू नये. लोक इशारा मिळूनही घर का सोडत नाहीत याचं उत्तर अभियंत्याकडे क्वचितच असतं.

साधनं शिकायला पैसे लागत नाहीत. नकाशांसाठी क्यूजीआयएस, पुराच्या गणितासाठी हेक-रास, विदेवर, म्हणजे डेटावर, काम करायला पायथन किंवा आर. अमेरिकेच्या फेमा या संस्थेचे घटना-नियंत्रण पद्धतीवरचे ऑनलाइन कोर्स मोफत आहेत. आग असो वा पूर, कोण कोणाला आदेश देतो आणि कोण कोणाला उत्तर देतो याची ती रचना समजली की नियंत्रण कक्षातलं बोलणं कळू लागतं.

पहिला प्रकल्प: कोणी सांगायची वाट न पाहता

पदवी आणि अनुभव यांच्यामधली दरी भरून काढायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे स्वतःच एक लहान पण पूर्ण अभ्यास करणं. नदीचा आठ-दहा किलोमीटरचा पट्टा घ्या, किंवा डोंगरउतारावरची एक वस्ती. इथे मी पुराचं उदाहरण घेऊन सांगतो.

सुरुवात नकाशाने करू नका. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा आणि तो कोणाच्या तरी निर्णयाचा असू द्या. ‘या भागातला पूर-धोका’ हा प्रश्न होत नाही. ‘या पट्ट्यातल्या कोणत्या शाळा पुरात निवारा म्हणून वापरता येणार नाहीत?’ हा होतो, कारण उत्तर मिळाल्यावर कोणीतरी यादीतून एक शाळा काढून दुसरी घालू शकतो.

मग जमिनीची उंची. कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचं ३० मीटरचं उंची-मॉडेल मोफत मिळतं. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने मोजलेलं एसआरटीएमही मिळतं. इथे नवखे लोक हमखास फसतात. ही मॉडेल्स जमिनीसोबत झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरंही मोजतात, आणि उंचीतली चूक काही मीटरची असू शकते. त्यावर बसवून ‘इथे ४० सेंटिमीटर पाणी येईल’ असं लिहिणं म्हणजे लोकांची दिशाभूल आहे. एवढ्या विदेवरून काय सांगता येतं आणि काय नाही, हे तुमच्या टिपणात पहिल्याच पानावर यायला हवं.

त्यानंतर आधीचे पूर. सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह २०१४ पासून प्रतिमा देतो आणि त्याला ढगांचा अडथळा होत नाही. उघड्या रानात साचलेलं पाणी काळं दिसतं, कारण सपाट पृष्ठभाग लहरी दुसरीकडेच परतवतो. पण दाट वस्तीत हीच लहर पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून परत उपग्रहाकडे जाते, त्यामुळे बुडालेली गल्ली उजळ दिसते आणि नकाशात कोरडी ठरते. जिथे माणसं सर्वात जास्त, तिथेच चित्र सर्वात फसवं.

म्हणून चालायला बाहेर पडा. हा टप्पा कधीही गाळू नका. हातात टेप, वही, कॅमेरा. भिंतीवर पाण्याची रेघ बहुतेक वेळा दोन जागी सापडते: रंगाच्या पापुद्र्याखाली आणि विजेच्या मीटरच्या लाकडी फळीवर. रस्त्याच्या पातळीपासून तिची उंची मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा, मागे जागेचं नाव लिहा. घरातल्या थोरल्या माणसाला विचारा, पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं. ‘किती फूट’ असं विचारलं तर उत्तर फुगतं, पायरी मात्र लोकांच्या नेमकी लक्षात असते. दोन पुरांची आठवण एकमेकांत मिसळलेली असते, तेव्हा साल पक्कं करायला घरातलं लग्न, बाळंतपण, नवी गाडी यांचा आधार घ्या. आणि एक प्रश्न न चुकता विचारा: पाणी कुठून आलं? निम्म्या वेळा उत्तर ‘नदीकडून’ असं नसतं. ते मागच्या गटारातून उलटं वर आलेलं असतं आणि त्या गटाराचा तुमच्या मॉडेलला पत्ताही नसतो.

पुढची पायरी वाटेत काय आहे हे मांडण्याची. ओपनस्ट्रीटमॅपवर इमारती, दवाखाने, पंपघरं, वीज उपकेंद्रं बघा, नसतील तर स्वतः भरा. ते कामही तुमच्या नावावर दिसतं. दवाखाना उंचावर असून त्याच्याकडे जाणारा एकुलता एक रस्ता बुडत असेल तर तो दवाखानाही बुडाल्यातच जमा. ही एक गोष्ट सापडली तरी तुमच्या अभ्यासाचं चीज झालं.

शेवटी दोन पानांचं टिपण. पहिल्या परिच्छेदात उत्तर, दुसऱ्यात खात्री कितपत, मग एक नकाशा, मग काय करता येईल आणि ते कोणाच्या अधिकारात आहे. हे टिपण स्थानिक प्रशासनाला, शाळांना, त्या भागात काम करणाऱ्या संस्थेला प्रत्यक्ष नेऊन द्या. त्यांनी उपस्थित केलेल्या शंका लिहून घ्या आणि दुसरी आवृत्ती काढा. नोकरीच्या अर्जासोबत दोन्ही आवृत्त्या जोडा.

शक्यतेचे आकडे नीट बोलायला शिका

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग लोकांना गाफील ठेवतो. मागच्या वर्षी येऊन गेला, आता नव्याण्णव वर्षं चिंता नाही, असं वाटतं. खरा अर्थ असा की दरवर्षी त्याची शक्यता १ टक्का. ३० वर्षांच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. घराचं कर्ज साधारण तेवढीच वर्षं चालतं. बैठकीत ‘एक टक्का’ म्हणण्यापेक्षा ‘कर्ज फिटेपर्यंत चारातून एकदा’ म्हटलं की समोरची माणसं सरसावून बसतात.

दुसरा आकडा म्हणजे वार्षिक सरासरी नुकसान. समजा १० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरात ४० घरं बुडतात, ५० वर्षांच्या पुरात २००, शंभर वर्षांच्या पुरात ३२०. दहापेक्षा लहान पुरात काहीच बुडत नाही आणि शंभरच्या पुढेही ३२०च धरू. दोन पुरांमधली सरासरी घरं गुणिले त्या दोघांच्या शक्यतेतला फरक, असं करत गेलं की ९.६ अधिक २.६ अधिक ३.२, म्हणजे दरवर्षी सरासरी १५ घरं. आता बारकाईने बघा: यातला मोठा वाटा १० ते ५० वर्षांच्या मधल्या पुरांचा आहे. पैसा वाचवायचा असेल तर नाले, उंबरे, गटारांच्या झडपा यांना आधी हात घालावा लागेल. जीव वाचवायचे असतील तर दुर्मीळ महापुराचा विचार करून सूचना आणि स्थलांतराची व्यवस्था लागेल. दोन्ही कारणं एकाच आकड्यात कोंबली की चुकीचा बांध बांधला जातो.

बांधाबद्दल आणखी थोडं. बांध झाला की मागची जागा सुरक्षित समजून तिथे वस्ती वाढते, आणि बांध ओलांडणारा पूर आला की नुकसान पूर्वीपेक्षा मोठं होतं. गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने १९४० च्या दशकातच याकडे लक्ष वेधलं होतं. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या पुरात १,८३६ माणसं गेल्यावर तिथे प्रचंड बांध-दरवाजे उभे राहिले, पण नंतर त्याच देशाने नद्यांना जागा परत देण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि नाइमेखेनजवळ वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे सरकवला. त्यासाठी काही घरं हलवावी लागली. नकाशावर तुम्ही आखलेली धोक्याची रेषा एखाद्याच्या घरातून जाते तेव्हा समोरच्याला ते सांगण्याची हिंमत आणि त्याचं ऐकून घेण्याची सबुरी, दोन्ही लागतात. रेषा थोडी सरकवा म्हणून दबावही येईल. ती कशाच्या आधारावर आखली याची लेखी नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

लोकांशी बोलणं

इटलीतल्या लाक्विला शहरात २००९ च्या सुरुवातीला छोटे धक्के बसत होते. तज्ज्ञांच्या बैठकीच्या आसपास एका अधिकाऱ्याने लोकांना घाबरण्याचं कारण नाही असा दिलासा दिला. ६ एप्रिलच्या भूकंपात ३०९ माणसं गेली. सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना २०१२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली, २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. भूकंपाची वेळ सांगता येत नाही हे सगळे जाणत होते. ‘सांगता येत नाही’ याचं ‘काही होणार नाही’ झालं, तिथे घात झाला. अनिश्चितता सांगताना सोबत कृतीही सांगा: कधी होईल ठाऊक नाही, पण तुमचं घर जुनं दगडी असेल तर आज हे करा.

उलट टोकाचा धडा जपानच्या कामाइशी शहराचा. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत उनोसुमाई भागातल्या दोन शाळा धोक्याच्या नकाशाबाहेर होत्या, म्हणजे कागदावर सुरक्षित. पाण्याने त्या गिळल्या. मुलं वाचली, कारण नकाशावर विसंबून थांबू नका, हे प्राध्यापक तोशिताका काताडा यांनी त्यांच्या मनावर ठसवलं होतं. मोठी मुलं पळाली, त्यांना बघून धाकटी पळाली, ठरलेली पहिली जागाही धोक्याची वाटली तेव्हा आणखी वर गेली. नकाशे बनवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं: तुमची रेषा पाण्याला माहीत नसते.

बांगलादेशाचा अनुभवही अभ्यासा. १९७० च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली. १९७२ पासून मेगाफोन आणि झेंडे घेऊन फिरणाऱ्या स्वयंसेवकांची साखळी उभी राहिली, निवारे बांधले गेले. तरी १९९१ च्या वादळात बायका फार मोठ्या प्रमाणावर दगावल्या. परक्या पुरुषांच्या गर्दीत निवाऱ्यात जाण्याचा संकोच, लहान मुलं, गुरं, घर सोडायला लागणारी परवानगी अशी कारणं होती. नंतर महिला स्वयंसेवकांची संख्या खूप वाढवली गेली. इशारा ऐकू आला का, हा अर्धा प्रश्न. ऐकून ती व्यक्ती घराबाहेर पडू शकते का, हा उरलेला अर्धा.

नोकरी शोधताना

या क्षेत्रातल्या जागा वेगवेगळ्या नावांखाली लपलेल्या असतात. ‘रेझिलिअन्स’, ‘हवामान अनुकूलन’, ‘बिझनेस कंटिन्युइटी’, ‘हॅझर्ड मिटिगेशन’, ‘कॅट मॉडेलिंग’, ‘फ्लड रिस्क’ ही सगळी नावं टाकून शोधा. प्रिव्हेन्शनवेब आणि रिलीफवेब या दोन ठिकाणी जगभरच्या जाहिराती येतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या पहिल्या जागेची वाट बघत बसण्यापेक्षा एखाद्या नगरपालिकेत किंवा छोट्या सल्लागार कंपनीत शिरा. तिथे वर्षभरात नकाशा, बैठक, निविदा, तालीम सगळं अंगावर पडतं.

अर्जात कोर्सची यादी शेवटी, केलेलं काम वर. मुलाखतीत बहुधा एखादा प्रसंग देतात: रात्री दोन वाजता फोन येतो, वरच्या धरणातून पाणी सोडलंय, पहिल्या अर्ध्या तासात काय कराल? उत्तराला लगेच धावू नका. मला नक्की काय माहीत आहे, पाणी पोचायला किती वेळ आहे, आदेश देण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि स्वतःहून हलू न शकणारी माणसं कुठे आहेत, हे चार प्रश्न मोठ्याने विचारा. पुढचं सगळं त्यावर ठरतं, आणि मुलाखत घेणारेही बहुतेक हेच शोधत असतात.

रुजू झाल्यावर

पहिल्याच आठवड्यात कार्यालयातला आपत्ती आराखडा मागून घ्या आणि त्यातल्या प्रत्येक नंबरावर फोन लावा. बदली झालेले, निवृत्त झालेले, बंद पडलेले नंबर खोडून दुरुस्त यादी वरिष्ठांसमोर ठेवा. एवढ्यावरून तुमची किंमत कळते.

तालीम घ्यायची वेळ आली तर ती अवघड करा. सकाळी अकराला, सगळे हजर असताना, वीज चालू असताना घेतलेल्या तालमीतून फक्त फोटो मिळतात. प्रमुख अधिकारी रजेवर आहे, मोबाइल बंद आहेत, निवाऱ्याची किल्ली ज्याच्याकडे आहे तो गावाला गेलाय, असं धरून चालवा. किल्लीचा प्रश्न तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी निघतो.

खरी घटना घडली की आठवड्याच्या आत नोंद लिहा: किती वाजता काय कळलं, कोणी काय ठरवलं, ते किती वाजता कोणापर्यंत पोचलं. दोष कोणाचा हे लिहू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी खरं सांगणार नाही. या दिवसांत झोप मोडते, ऐकलेल्या गोष्टी मनात राहतात. पाळ्या लावून काम करा, आणि त्रास होत असेल तर समुपदेशकाकडे जायला उशीर करू नका.

दोनेक वर्षांनी एक धोका निवडा आणि त्यात खोल जा: पूर, दरड, उष्णतेच्या लाटा, वणवे, काहीही. तोवर कोणत्या विषयाच्या बैठकीत तुमचं मत मागितलं जातं हे तुमच्या लक्षात आलेलं असेल. पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल तर ते त्या विषयात घ्या आणि प्रबंधासाठी स्वतःच्या कार्यालयातला एखादा अनुत्तरित प्रश्न घेऊन जा.